पंधराशे आठ रविवार

बाहेर मंगळवार होता. ओट पिकून पिवळेधमक झाले होते, समुद्राकडून ढग सरकू लागले होते आणि कापणीला आणखी चार दिवस उशीर झाला तर पीक आडवं होणार हे खाडीवरच्या आंधळ्यालाही दिसलं असतं. आत बैठकीच्या खोलीत मात्र रविवार होता, आणि तो गेले एकोणीस दिवस संपायचं नाव घेत नव्हता.

खिडकीचा पडदा पाडून, काळा कोट आणि कडक कॉलर चढवून ड्युगल्ड मॅकॅस्किल खुर्चीत ताठ बसले होते. मांडीवर बायबल. गालावर एकोणीस दिवसांची दाढी, कारण रविवारी वस्तरा हातात धरायचा नाही. पायांत काळे बूट, ते मात्र धूळ खाऊन करडे झालेले, कारण रविवारी बूट पुसायचे नाहीत.

एफी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून वडिलांकडे बघत होती. शुक्रवारी तिचं लग्न होतं, चर्चमध्ये तारीखही लागली होती. म्हणजे, बाहेर जर शुक्रवार उगवला आणि आत उगवू दिला गेला तर होतं. नवरा मुलगा, फर्गस, या क्षणी अंगणापलीकडच्या कुंपणावर टोपी हातात घेऊन बसला होता. त्याला घरात यायची बंदी होती. सगळा घोळ त्यानेच तर केला होता.

केला म्हणजे काय, तो बिचारा गेल्या महिन्यात नव्या रस्त्याच्या मोजणीच्या कामावरून एफीचा हात मागायला आला. येऊन बघतो तर सगळं कुटुंब काळ्या कपड्यांत, स्तोत्र चाललेलं. स्तोत्र संपेपर्यंत तो अदबीने उभा राहिला आणि मग त्याने सहज विचारलं, "आज सोमवारी कसली प्रार्थना? कुणी गेलं का?"

तेवढं एक वाक्य. एकोणतीस वर्षांत या खाडीवर बोललं गेलेलं सर्वांत महागडं वाक्य.

बाबांनी आधी त्याला दारुडा ठरवलं. मग तीन तास घोड्यावर जाऊन रस्त्याच्या छावणीत पंचांग बघून आले. आल्यावर चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. इथल्या टणक टोटारा झाडाच्या दाराच्या चौकटीवर, आणि घर नव्हतं तेव्हा तंबूच्या खांबावर, त्यांनी या खाडीवर उतरल्या दिवसापासून खाचा पाडल्या होत्या, रोज एक, रविवारची लांब, आणि तीही दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. चौकट भरली की दुसरी बसवायची. त्या सगळ्या जुन्या चौकटी त्यांनी गोठ्यातून काढून अंगणात मांडल्या आणि बोटाने मोजल्या. कुठेही चूक सापडली नाही. चूक होती ती इथल्या पहिल्याच हिवाळ्यात, तंबूत सगळे तापाने फणफणले होते त्या दिवसांत. शुद्धीवर आल्यावर त्यांनी धाकट्या भावाला विचारलं होतं, "टॉरक्विल, किती रात्री गेल्या?" टॉरक्विल म्हणाला, "तीन." गेल्या होत्या चार.

त्या एका रात्रीपायी घराचा प्रत्येक रविवार सोमवारी पडला. आणि खरा रविवार? तो पडला ते ज्याला शनिवार म्हणत होते त्या दिवशी. शनिवार म्हणजे आठवड्यातला सगळ्यांत धावपळीचा दिवस. उद्या रविवार म्हणून लाकडं फोडायची, बटाटे सोलायचे, बूट घासायचे, दाढी करायची. देवाच्या दिवसाची तयारी म्हणून या घराने एकोणतीस वर्षं देवाच्याच दिवशी घाम गाळला होता.

पाचव्या दिवशी बाबा काळा कोट घालून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पंधराशे आठ रविवार राहिलेत. ते रोज एक पाळून झाले की उठतो."

"म्हणजे कधी?" एफीने विचारलं होतं.

"चार वर्षं आणि सत्तेचाळीस दिवस."

आज त्यावर तोडगा काढायला बैठक बसली होती. नव्या रस्त्याने पाद्री पिटकेअर्न आपली घोडागाडी घेऊन आले होते. या दाराशी आलेली ती पहिलीच गाडी, पण तिच्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. टॉरक्विलकाका पलीकडच्या टेकडीवरून आला होता आणि आल्यापासून खुर्चीच्या कडेवर टेकून होता. एफीचा मोठा भाऊ लॅकलन भिंतीला टेकून उभा होता. आणि आई, ग्रिझेल, स्वयंपाकघरात होती. ती नेहमीच तिथे असे.

"ड्युगल्ड," पाद्रींनी घसा साफ केला. "देव दयाळू आहे. अजाणता झालेली चूक तो मनावर घेत नाही."

"म्हणजे त्याचं लक्ष नसतं?"

"तसं नव्हे हो."

"मग असतं."

"असतं, पण..."

"मग त्याला माहीत आहे. पंधराशे आठ."

पाद्रींनी रुमालाने कपाळ पुसलं. ते शिकलेले गृहस्थ होते, एडिनबराला सहा वर्षं काढलेली, पण तिथे असला प्रश्न परीक्षेत आला नव्हता. "बरं, वादासाठी तुमचंच धरू. पण या चार वर्षांत जे खरेखुरे रविवार येतील त्यांचं काय? तो दिवस तर त्याच आठवड्याचा. त्यात जुना रविवार कसा घालणार? एका दिवसात दोन रविवार मावत नाहीत ना? म्हणजे बघा, हा हिशेबच अशक्य!"

आणि ते विजयाने मागे रेलले.

बाबांनी दाढी खाजवली. मग हळूच म्हणाले, "बरोबर आहे. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लॅकलन, आठवड्याचे सहाच दिवस धरले तर किती?"

लॅकलनने छताकडे बघत ओठ हलवले. "चार वर्षं दहा महिने, बाबा."

"आभारी आहे, पाद्रीसाहेब," बाबा मनापासून म्हणाले.

एफीने पाद्रींकडे असं बघितलं की त्यांनी नजर खाली घातली. पाच मिनिटांत या माणसाने तिचं लग्न आठ महिन्यांनी लांबवलं होतं.

"बसू दे ना बाबांना," लॅकलन मधाळ आवाजात म्हणाला. "माणसाच्या श्रद्धेचा मान राखायला हवा. शेताचं मी बघतोय."

लॅकलन एवढा धार्मिक कधीपासून झाला हे एफीला पक्कं ठाऊक होतं. एकोणीस दिवसांपासून. अठ्ठावीस वर्षं बाबांच्या शिव्या खात त्यांच्या मागे चालणारा हा भाऊ आता जेवणाच्या मेजावर बाबांच्या जागी बसत होता. त्याने वळू दुसऱ्या कुरणात नेला होता, कुत्र्याचं नाव बदललं होतं आणि ओट कधी कापायचे यावर गेले सहा दिवस एकटाच विचारमंथन करत होता.

"दादा, तुझा मान राखण्याचा उद्योग पुरे कर," ती फणकारली. "बाबा उठले तर तुझं सिंहासन जाईल, एवढंच ना?"

"मी फक्त दहा आज्ञांबद्दल बोलतोय."

"तुला दहाच्या दहा म्हणता तरी येतील का?"

"भांडू नका," बाबा म्हणाले. "रविवार आहे."

आता टॉरक्विलकाकाने तोंड उघडलं. काकाची पाचावर धारण बसलेली होती, कारण त्याचेही रविवार तेवढेच बुडाले होते आणि त्याची बायको रोज संध्याकाळी त्याच्या खुर्चीकडे आणि मग त्याच्याकडे अर्थपूर्ण बघायला लागली होती. "दादा, मी एक सांगू? तू हे जे करतोयस ना, ते पोपचं काम आहे."

लॅकलन भिंतीपासून सरळ झाला. पाद्रींनीसुद्धा श्वास रोखला.

"काय म्हणालास?"

"पापाबद्दल इतके दिवस बसून राहा, इतकी प्रार्थना म्हणा, मग चुकतं झालं, हे कोण म्हणतं? रोमवाले म्हणतात! आपण कृपेने तरतो, कष्टाने नाही. आपल्या आजोबांनी याच्यासाठी डोकी फोडून घेतली, आणि तू इथे बसून गुपचूप कॅथलिक झालास!"

बाबांचा चेहरा कोटाच्या वरती पांढराफटक पडला. ड्युगल्ड मॅकॅस्किलना आयुष्यात कुणी चोर म्हटलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, पण हे! एफीच्या मनात आशेला पालवी फुटली. बाबांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला, गुडघे हलले, ते उठणार, आता उठणार...

"मी काही चुकतं करत नाहीये," बाबा शेवटी म्हणाले. "मी फक्त पाळतोय. जरा उशिरा."

काकाने दोन्ही हात टेकले.

एफी पुढे झाली आणि वडिलांच्या पायाशी बसली. "बाबा, मी सव्वीस वर्षांची आहे. तुम्ही उठाल तेव्हा मी एकतीसची होईन. फर्गस थांबेल म्हणतो, पण रस्ता थांबत नाही, आणि तो रस्त्याबरोबर पुढे जातोय. तुमच्यावाचून मी चर्चमध्ये कशी जाऊ?"

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

"पोरी, ऐक. मायदेश सोडून मी या खाडीवर उतरलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. एक कुऱ्हाड, एक पेटी, तुझी आई आणि हा टॉरक्विल. झाडं इतकी दाट की दुपारी दिवा लावावा लागे. बघायला कुणी नव्हतं. कसंही राहिलो असतो, जनावरासारखं, तरी कुणाला कळलं नसतं. पण आठवड्यातून एक दिवस मी दाढी केलेल्या तोंडाने, कॉलर लावून, त्या ओल्या झाडांसमोर उभा राहून प्रवचन वाचत असे. माणूस राहायला माझ्याकडे तेवढीच एक गोष्ट होती. आणि आता कळतंय की तो सोमवार होता. मी एकोणतीस वर्षं नुसता आळशी सोमवार घालवला. मग मी होतो तरी कोण?"

एफीला रडू आलं, आणि रागही आला, कारण बाबा वेडे असते तर सोपं गेलं असतं.

"आपल्यापैकी कुणालाच कळलं नाही," बाबा पुटपुटले. "एकालाही नाही. ग्रिझेल, दुपार झाली बघ."

आई आतून लापशीचा खण घेऊन आली. या घरात ओटची लापशी एकदाच घट्ट शिजवून लाकडी खणात ओतत आणि थंड झाली की वड्या पाडत. बाबांच्या रविवारी चुलीवरचं ताजं चालत नसे, म्हणून आई एकोणीस दिवस आजची लापशी उद्यासाठी शिजवत होती. तिने खण मेजावर ठेवला, सुरी घेतली, एक वडी कापली, आणि सुरी तशीच धरून ती थांबली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सोमवार आहे ते. सोळा वर्षं झाली. माल आणणाऱ्या बोटीवरच्या चहाची पुडी पंचांगाच्या पानाची होती, त्यावर बोटवाल्याने त्या दिवसापर्यंत फुल्या मारलेल्या."

टॉरक्विलकाका खुर्चीच्या कडेवरून जवळजवळ खाली आला. बाबांच्या मांडीवरचं बायबल घसरलं, ते त्यांनी वेळेवर पकडलं.

"सोळा वर्षं! आणि तू मूग गिळून बसलीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दोन्ही दिवस पाळले असते. एका दिवसातच माझ्या नाकी नऊ येत होते." आईचा आवाज नेहमीचाच होता, मीठ मागावं तसा. "अहो, मला एक सांगा. रविवारी तुम्ही काय करता?"

"काहीच करत नाही. तोच तर रविवार."

"आणि मी काय करते?"

बाबा विचारात पडले. हा प्रश्न त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आला होता हे स्पष्ट दिसत होतं.

"तू... तू असतेस की," ते म्हणाले.

"मी धार काढते. तुमच्यासाठी वडी कापते. पोरांची गादी ओली असली तर वाळत घालते, आणि कुणी बघू नये म्हणून गोठ्यामागे घालते. हा लॅकलन तंबूत झाला तो तुमच्या रविवारी. तुम्ही बाहेर प्रवचन वाचत होता. मी ओरडले तेव्हा तुम्ही आवाज चढवलात."

"झाडांना ऐकू जाईना," बाबा क्षीणपणे म्हणाले.

"तुमचे पंधराशे आठ गेले. माझे तुमचेही गेले आणि देवाचेही गेले. तीन हजार सोळा." तिने सुरी खाली ठेवली, एप्रन सोडला, त्याची घडी केली. खुंटीवरची काळी टोपी घालून हनुवटीखाली नाडी बांधली. "भावजी, उठा जरा."

काका टुणकन उठला. आईने त्याची खुर्ची ओढत बाबांच्या शेजारी नेली आणि ती बसली.

"पडदा नीट पाडा कुणीतरी. ऊन येतंय."

पाद्रींनी धावत जाऊन पडदा पाडला.

"आई," लॅकलनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मग जेवण?"

"खणात लापशी आहे."

"ती संपल्यावर?"

"ती कालची आहे. आज कुणी शिजवली तर उद्या असेल."

लॅकलनने एका क्षणात पक्ष बदलला. "बाबा! माणसाने किती ताणायचं? पाद्रीसाहेब सांगताहेत, काका सांगतोय, शेत बोंबलतंय. उठा की आता!"

"एफी," बाबा म्हणाले, "तू बघ जरा स्वयंपाकाचं."

एफीने आईकडे बघितलं. आई समोर बघत होती, पण तिच्या तोंडाचा एक कोपरा किंचित वर गेला होता. एफीने आपला एप्रन सोडला.

"बाबा, शुक्रवारी मी जाणार होते. जाणार नसेन तर माझेही राहिलेत. तेराशे बावन्न." आणि ती तिपाई घेऊन आईच्या पायाशी बसली.

तिघं काळोखात बसलेले, पाद्री पडद्याजवळ उभे, काका दाराजवळ काढता पाय घ्यायच्या बेतात. कुंपणावर फर्गस शिंकला ते आत ऐकू आलं. मग गोठ्यातून एक गाय हंबरली. मग दुसरी. मग सहाच्या सहा.

"लॅकलन," काका म्हणाला, "धार."

"मला धार काढता येत नाही," लॅकलन म्हणाला. घराचा कारभारी होऊन त्याला एकोणीस दिवस झाले होते.

गाई हंबरत राहिल्या. बैठकीपायी सकाळची धार राहूनच गेली होती, कासा तटतटल्या असणार. एफीचे हात आपोआप मुठी वळत होते, पण आईचा हात तिच्या खांद्यावर होता आणि तो हलत नव्हता. तिने बाबांकडे बघितलं. बाबा शेतकरी होते. प्रत्येक हंबरण्याला त्यांची मान एकेक इंच दाराकडे वळत होती.

"पाद्रीसाहेब," ते शेवटी म्हणाले, "मुकं जनावर दुखण्यात असेल तर ते काम गरजेचं आणि दयेचं म्हणायचं ना? रविवारी चालतं?"

"चालतं! अगदी चालतं!" पाद्री इतक्या जोरात ओरडले की आईने त्यांच्याकडे रागाने बघितलं.

बाबा उठले. दोन्ही गुडघे कटकन वाजले. त्यांनी कॉलर काढून बायबलावर ठेवली आणि बादली घेऊन गेले. मग गोठ्यातून बादली पडल्याचा आवाज आला, एक लाथ, बाबांची मायदेशीच्या गेलिक बोलीतली एक शिवी, पुन्हा बादली. गाई आईच्या हाताला सरावलेल्या होत्या. तास उलटून गेला.

बाबा परत आले तेव्हा काळा कोट दुधाने भिजला होता आणि बादलीत कसंबसं अर्धं दूध होतं. ते काहीतरी तक्रार करणार होते. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

आई झोपली होती. टोपी एका कानावर कलली होती, ओठ उघडे होते, मांडीवर दोन्ही हात उताणे पडले होते.

बाबांनी हिला झाडं ओढताना बघितलं होतं, तापात बघितलं होतं, बाळंतपणात आणि पुरात बघितलं होतं. दिवसाउजेडी झोपलेली बघितली नव्हती. ते किती वेळ उभे होते कोण जाणे. एफीला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना, आणि नजर काढवेना.

मग त्यांनी बादली आवाज न करता खाली ठेवली, खिशातला चाकू काढला आणि ते दाराच्या चौकटीपाशी गेले. डाव्या बाजूला त्यांच्या खाचा होत्या. उजवी बाजू कोरी होती. तिथे, वरती, त्यांनी एक लांब खाच पाडली. रविवारी चाकू चालवू नये हे पाद्रींना माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. पाद्रींनी पडद्याकडे तोंड फिरवलं.

लाकडाचा भुगा फुंकरून बाबा कुजबुजले, "लॅकलन, उद्या पहाटे ओट कापायला घ्यायचे. विळ्याला आत्ताच धार लाव, पण लांब जाऊन लाव. आणि आधी कुत्र्याला त्याचं नाव परत दे."

मग एफीकडे वळून: "त्या कुंपणावरच्याला आत बोलाव. शुक्रवारचं लग्न शुक्रवारी. आणि जाता जाता मला सांग, लापशीला पाणी आधी का ओट आधी?"

"पाणी, बाबा." तिला हसू आलं आणि हुंदकाही, आणि ती धडपडत उठली तेव्हा तिपाई फरशीवर घासली.

"शू!" बाबांनी बोट ओठांवर ठेवलं. "हळू जा. तिचा पहिलाच रविवार आहे."